प्रथम वर्षासाठी विशेष-रुची चर्चावर्ग : संकल्पना, वारणा परिसरातील शक्यता आणि व्यावहारिक अडचणी

सारांश : पदवीच्या प्रथम वर्षातील बारा ते पंधरा विद्यार्थ्यांनी एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली एका मर्यादित विषयाचा एक सत्र अभ्यास करणे, या स्वरूपाच्या चर्चावर्गांची संकल्पना प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे. अशा वर्गांची पूर्वपीठिका, वारणानगरसारख्या ग्रामीण शैक्षणिक केंद्रात त्यासाठी उपलब्ध असलेले विषय, एका विषयाचा नमुना आराखडा, प्रवेश व मूल्यमापनाची पद्धत आणि शिक्षकांच्या कार्यभाराचे गणित या मुद्द्यांचा क्रमाने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रथम वर्ष, चर्चावर्ग, श्रेयांक, खुला वैकल्पिक विषय, स्थानिक अभ्यास, कार्यभार.

प्रास्ताविक

बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात आलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी एका मोठ्या वर्गात बसतो. वर्गात एकशे वीस विद्यार्थी असतील आणि तासिका एक तासाची असेल, तर शिक्षकाने एकही शब्द न उच्चारता सर्व वेळ विद्यार्थ्यांना दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. प्रत्यक्षात तेवढेही येत नाही. त्यामुळे अनेक विद्यार्थी तीन वर्षांत वर्गात एकही पूर्ण वाक्य न बोलता पदवीधर होतात. ज्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्या बाबतीत हे अधिक घडते. कारण प्रश्न विचारणे ही महाविद्यालयात अपेक्षित असलेली गोष्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हा दोष कोणा एका शिक्षकाचा नाही. व्याख्यानपद्धतीची ती स्वाभाविक मर्यादा आहे. व्याख्यानाने अल्पवेळात अनेकांपर्यंत ज्ञान पोहोचते. परंतु ज्ञान कसे मिळविले जाते, याचा अनुभव त्यातून मिळत नाही. तो अनुभव आपल्याकडे पदव्युत्तर वर्गातील लघुशोधप्रबंधापर्यंत, किंबहुना पीएच.डी.पर्यंत, लांबणीवर टाकला जातो. तेथवर बहुसंख्य विद्यार्थी पोहोचतच नाहीत. हा अनुभव पहिल्याच वर्षी, लहान प्रमाणात का होईना, देता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांकरचना लागू झाली. मुख्य विषयाबरोबर खुले वैकल्पिक विषय, कौशल्याधारित विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे लहान लहान घटक प्रथम वर्षाच्या वेळापत्रकात आले. दोन श्रेयांकांचा घटक म्हणजे तीस तासांचे अध्यापन. ही जागा पुन्हा एकदा मोठ्या वर्गातील व्याख्यानांनी भरावयाची, की तिचा काही भाग वेगळ्या कामासाठी राखावयाचा, याचा निर्णय अभ्यासमंडळांपासून विभागांपर्यंत शिक्षकांनाच घ्यावयाचा आहे. म्हणून या विषयाला आज तातडीचे महत्त्व आहे.

संज्ञेचा अर्थ

'सेमिनार' हा शब्द आपल्या महाविद्यालयांत दोन अर्थांनी रूढ आहे. एक म्हणजे उद्घाटन, बीजभाषण, शोधनिबंधवाचन आणि प्रमाणपत्रवाटप असलेले एक वा दोन दिवसांचे चर्चासत्र. दुसरा म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या घटकावर वर्गापुढे केलेले सादरीकरण. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेला चर्चावर्ग या दोहोंहून भिन्न आहे. त्याची चार लक्षणे सांगता येतील. विद्यार्थी पंधराहून अधिक नसतात. विषय लहान व नेमका असतो. विद्यार्थी तो विषय स्वतःच्या आवडीने निवडतो. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण असे की, वर्गापुढील मुख्य प्रश्नाचे तयार उत्तर गाइडमध्ये नसते आणि शिक्षकालाही ते आधी पूर्णपणे ठाऊक नसते. पहिली तीन लक्षणे या चौथ्यासाठी आवश्यक असलेली साधने होत. ते चौथे नसेल तर केवळ पटसंख्या कमी असलेली शिकवणी उरते.

पूर्वपीठिका

शिक्षकाभोवती काही विद्यार्थ्यांनी बसून मूळ साधने तपासण्याची पद्धत जर्मन विद्यापीठांत रुजली. बर्लिन येथे इतिहासकार रांके यांनी १८३० च्या दशकात निवडक विद्यार्थ्यांना जमवून मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेचे वर्ग चालविले. मात्र हे वर्ग प्रगत विद्यार्थ्यांसाठी होते. नवागत विद्यार्थ्यांनाच अशी संधी द्यावी, हा विचार विसाव्या शतकातील आहे. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच स्वतःचे संशोधन करावयास मिळाले पाहिजे. त्यांच्याच आर्थिक साहाय्याने हार्वर्ड विद्यापीठात १९५९ साली प्रथम वर्षाचे चर्चावर्ग प्रयोग म्हणून सुरू झाले आणि १९६३ साली त्यांना कायम स्वरूप मिळाले. तेथे वर्गात साधारणतः बाराच विद्यार्थी घेतले जातात आणि गुणांऐवजी 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' एवढाच शेरा दिला जातो.

याच नावाने ओळखला जाणारा आणखी एक प्रवाह आहे. साउथ कॅरोलिना विद्यापीठाने १९७० मधील विद्यार्थी-असंतोषानंतर १९७२ साली नवागतांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थ्याला विद्यापीठाची ओळख व्हावी, त्याचे मन तेथे रमावे आणि त्याने शिक्षण अर्धवट सोडू नये, हा त्याचा हेतू होता. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली मांडलेला 'दीक्षारंभ' हा उपक्रम या दुसऱ्या प्रवाहाच्या जवळचा आहे. तो आवश्यकच आहे. परंतु ग्रंथालयाची ओळख करून देणे आणि ग्रंथालयात जाण्याचे कारण निर्माण करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चावर्गाचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी आहे.

अशा अभ्यासाला खर्चिक प्रयोगशाळाच लागते, असा एक समज आढळतो. तो दूर करण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे मुख्य साधन होते तराजू. नाणे हातोहाती फिरताना झिजते, म्हणून वजनातील घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येईल, या साध्या कल्पनेतून त्यांनी हजारो नाणी तोलली. पद्धतीची खात्री करून घेण्यासाठी चलनातील आधुनिक नाणीही तोलली. पुण्याच्या आसपास पायी फिरून त्यांनी गावदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटा यांचा संबंध शोधला. त्यांच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) या ग्रंथात हे विवेचन आले आहे. कोसंबींची प्रज्ञा प्रत्येकाकडे नसते हे खरे. पण प्रश्न जवळचा, साधन साधे आणि मोजणी काटेकोर, हा त्यांचा क्रम कोणत्याही महाविद्यालयाला उचलता येण्यासारखा आहे.

वारणा परिसरातील विषय

या दृष्टीने वारणानगरचा विचार उद्बोधक ठरतो. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली सहकारी साखर कारखान्याभोवती हे केंद्र उभे राहिले. १९६४ साली येथे महाविद्यालय स्थापन झाले, तर पुढे दूध संघ, ग्राहक भांडार, बालवाद्यवृंद आणि अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्थांची त्यात भर पडली. उत्तरेस वारणा नदी, दक्षिणेस पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर, सभोवती उसाचे क्षेत्र असा हा परिसर आहे. मोठ्या शहरातील विद्यार्थ्याला जे पाहण्यासाठी सहल काढावी लागते, ते येथील विद्यार्थी घरातून निघाल्यापासून वर्गात पोहोचेपर्यंत पाहत असतो. मात्र त्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याचे प्रशिक्षण त्याला मिळालेले नसते.

उदाहरणादाखल काही विषय पाहू. दूध संस्थेत गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एस.एन.एफ. या प्रमाणाला धरून सांगितला जातो, म्हशीच्या दुधासाठी हे प्रमाण ६.० व ९.० असते. एकाच गोठ्यातील दुधाची फॅट सकाळी व संध्याकाळी सारखी लागते काय, ऋतूप्रमाणे ती कशी बदलते, हा रसायनशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. पहाटे डेअरीत दूध घालून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याकडे याची माहिती शिक्षकापेक्षा अधिक असते; ती दुधाच्या पुस्तकात नोंदविलेलीही असते. पन्हाळ्यावरील अंबारखान्याच्या कोठारांची मापे घेऊन त्यांत किती धान्य मावत असेल आणि ते किती माणसांना किती दिवस पुरले असते, हा गणित व इतिहास यांच्या सीमेवरील प्रश्न आहे. मसाई पठारावर पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या वनस्पतींची आठवडावार नोंद, एका गावातील शेतांच्या व माळांच्या पारंपरिक नावांचा संग्रह, ऊसतोडणी कामगारांच्या आणि स्थानिक शेतकऱ्यांच्या बोलीतील शब्दांची तुलना, असे आणखी विषय सुचविता येतील.

एक विषय तर असा आहे की ज्याची दखल वारणेबाहेर घेतली गेली. १९९८ साली परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प येथे हाती घेण्यात आला. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शासकीय सेवा असे त्याचे उद्देश होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, गावोगावच्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसासंबंधीच्या नोंदींची देवाणघेवाण करण्यासाठी होत होता. हेच काम मोबाइल संदेशांद्वारे करून पाहण्याचा प्रयोग त्यांनी काही गावांत केला. योजनेचा उद्देश आणि लोकांनी केलेला तिचा उपयोग यांत अंतर का पडते, हा प्रश्न समाजशास्त्र, संगणकशास्त्र आणि वाणिज्य या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना खुला आहे. ज्यांनी ती केंद्रे वापरली, ती माणसे गावांत भेटू शकतात.

एक नमुना : कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

चर्चावर्ग प्रत्यक्षात कसा चालेल, हे एका विषयाच्या आधारे पाहणे उचित होईल. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव राज्यभर प्रचलित आहे. नदीपात्रात दगडी वा काँक्रीटचे खांब, त्यांना खोबणी आणि खोबणीत बसविण्याचे बर्गे अशी त्याची रचना असते. पावसाळा संपल्यावर बर्गे घालून पाणी अडवितात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. त्यामुळे पुराचे पाणी व गाळ वाहून जातो. अनेक बंधाऱ्यांवरून रस्ताही जातो. म्हणून पावसाळ्यात कोणता बंधारा पाण्याखाली गेला, ही बातमी वाहतुकीचीही बातमी असते.

वर्गापुढचा मुख्य प्रश्न असा ठेवता येईल : गावाजवळील एका बंधाऱ्यामुळे त्या गावाच्या जीवनात काय बदलले आणि हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? पंधरा आठवड्यांच्या सत्राची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिले दोन आठवडे निरीक्षणाचे. पूर ओसरल्यानंतर सुरक्षित वेळी बंधाऱ्याला भेट द्यावयाची, खांब मोजावयाचे, रेखाचित्र काढावयाचे आणि प्रत्येकाने किमान पाच प्रश्न लिहून आणावयाचे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत वाचन. जिल्हा गॅझेटियरमधील काही पाने, सिंचनावरील एखादे प्रकरण, ग्रंथालयातील वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली. येथे विद्यार्थ्याला प्रथमच कळते की दोन वर्तमानपत्रांतील आकडे जुळत नाहीत आणि त्यांपैकी कोणता स्वीकारावयाचा, याचे कारण द्यावे लागते. सातव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येकाचा स्वतंत्र उपप्रश्न. एकाने पुराच्या तारखांची सारणी करावी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ती कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला ओलांडली गेली, हे बातम्यांतून काढता येते. दुसऱ्याने बर्गे बसविण्या-काढण्याचे काम करणाऱ्या वा पाहिलेल्या व्यक्तीची मुलाखत घ्यावी. तिसऱ्याने बंधाऱ्यापूर्वीची आणि नंतरची पिके ज्येष्ठ शेतकऱ्यांकडून समजून घ्यावीत. उर्वरित आठवड्यांत लेखन, एकमेकांच्या लेखनाचे वाचन, दुरुस्ती आणि शेवटी त्याच गावात दहा-दहा मिनिटांचे निवेदन.

या साऱ्यात शिक्षकाचे काम उत्तर पुरविण्याचे नसते. 'हे कशावरून?' हा एकच प्रश्न त्याने सातत्याने विचारावा लागतो. विद्यार्थ्याने अखेरीस 'याचे उत्तर मिळाले नाही, कारण अमुक नोंद उपलब्ध नाही' असे लिहिले, तर ते अपयश मानू नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ज्या वाक्याला शून्य गुण मिळतात, ते वाक्य येथे प्रगतीचे लक्षण ठरू शकते.

प्रवेश, भाषा आणि मूल्यमापन

प्रवेश बारावीच्या गुणांवर ठेवल्यास या योजनेचा हेतूच पराभूत होईल. जे आधीच बोलके आहेत, त्यांनाच आणखी एक व्यासपीठ मिळेल. विद्यार्थ्याने तीन विषय पसंतीक्रमाने द्यावेत, पहिल्या पसंतीमागील कारण पाच ओळींत लिहावे आणि अर्ज अधिक झाल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात, ही पद्धत अधिक न्याय्य आहे.

चर्चेची भाषा मराठी असावी. विज्ञान व वाणिज्य शाखांतील अनेक विद्यार्थी इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या ओझ्याखाली मुके होतात. स्वतःच्या भाषेत विचार मांडण्याची मुभा मिळाली की त्यांची समज प्रकट होते. याचा अर्थ इंग्रजी टाळावी असा नव्हे. दर पंधरवड्यास इंग्रजीतील तीन-चार पाने सर्वांनी मिळून वाचावीत आणि त्यांतील युक्तिवाद मराठीत मांडावा. संदर्भग्रंथाची भीती जाण्यास याहून चांगला मार्ग नाही.

मूल्यमापनाच्या बाबतीत पर्यावरण अभ्यासाच्या अनुभवापासून धडा घ्यावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पदवी स्तरावर हा विषय अनिवार्य झाला आणि आयोगाच्या आदर्श अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रीय कार्यासाठी राखले गेले. हेतू उत्तम होता. परंतु एका शिक्षकाकडे शेकडो प्रकल्प आल्यावर ते वाचले जाणे अशक्य होते. परिणामी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. दोष विषयाचा नव्हता, संख्येचा होता. आता संगणकीय साधने काही क्षणांत गुळगुळीत निबंध लिहून देत असल्यामुळे अंतिम अहवालावर विसंबणे अधिकच धोक्याचे झाले आहे. म्हणून भर असावा तो आठवड्याच्या टिपणवहीवर, चर्चेतील सहभागावर आणि तोंडी विचारणेवर. पंधरा विद्यार्थ्यांचा शिक्षक प्रत्येकाची वही ओळखतो. विद्यापीठाच्या नियमांनुसार गुण द्यावे लागत असतील, तर ते या तीन बाबींत विभागावेत आणि लेखी परीक्षेचा भाग शक्य तितका लहान ठेवावा.

कार्यभाराचे गणित

या योजनेवरील मुख्य आक्षेप शैक्षणिक नसून व्यावहारिक आहे : शिक्षक आणावयाचे कोठून? त्याचे उत्तर आकड्यांतच दिले पाहिजे. समजा, महाविद्यालयात प्रथम वर्षाचे २४० विद्यार्थी आहेत. पंधरांचा एक याप्रमाणे सोळा वर्ग होतील. दोन श्रेयांकांसाठी आठवड्याला दोन तास धरल्यास सर्व वर्ग एकाच सत्रात चालविण्यास ३२ तास लागतील. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे थेट अध्यापन आठवड्याला १६ तासांचे असते. म्हणजे हा दोन पूर्णवेळ शिक्षकांचा कार्यभार झाला. निम्मे विद्यार्थी पहिल्या सत्रात व निम्मे दुसऱ्या सत्रात घेतले, तर प्रत्येक सत्रात आठ वर्ग व १६ तास, म्हणजे एका शिक्षकाचा कार्यभार पडतो. तेवढ्याच विद्यार्थ्यांना १२० च्या एका वर्गात व्याख्याने दिली असती, तर दोन तास पुरले असते. म्हणजे खरा वाढीव भार आठवड्याला १४ तासांचा आहे. तो आठ शिक्षकांत विभागला जातो. महाविद्यालयात चाळीस शिक्षक असतील, तर एकेकाची पाळी साधारण अडीच वर्षांनी येईल.

हा भार लहान नाही, पण अशक्यही नाही. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, हे तास कार्यभारात अधिकृतपणे मोजले गेले पाहिजेत. अन्यथा उत्साही शिक्षक एक वर्ष चालवील आणि थकेल. दुसरी, ही जबाबदारी तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. ज्याला केवळ घेतलेल्या तासाचे मानधन मिळते, त्याने वह्या वाचण्याचे, विद्यार्थ्यांबरोबर गावात जाण्याचे काम विनामोबदला करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. रिक्त पदे जेथे अधिक आहेत, तेथे सोळाऐवजी चारच वर्गांनी प्रारंभ करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

वेळापत्रकातील एक लहानशी बाबही निर्णायक ठरते. ग्रामीण महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, एस.टी.ने ये-जा करतात. चर्चावर्ग शेवटच्या तासाला ठेवला, तर ठरावीक गाडी पकडणारे विद्यार्थी आपोआप गळतात आणि महाविद्यालयाजवळ राहणारेच उरतात. म्हणून हा तास वेळापत्रकाच्या मध्यभागी असावा.

समारोप

लहान चर्चावर्ग म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. त्याने व्याख्यानाची जागा घेऊ नये. विषयाची व्यवस्थित मांडणी व्याख्यानातूनच होते. प्रत्येक शिक्षकाला ही पद्धत रुचेल असेही नाही. ज्या विषयाचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही, तो घेऊन विद्यार्थ्यांसमोर बसण्यास काहीसे धैर्य लागते. तथापि प्रथम वर्षातील तीस तासांत विद्यार्थ्याला एवढे कळले की छापील मजकुरालाही पुरावा विचारता येतो, आपल्या घरच्या दूधपुस्तकात आणि गावच्या बंधाऱ्यात अभ्यासाचा विषय असतो आणि आपण बोललेले वाक्य शिक्षक ऐकून घेतात, तर उरलेल्या वर्षांतील व्याख्याने तो वेगळ्या तऱ्हेने ऐकेल.

नव्या रचनेतील खुल्या श्रेयांकांनी यासाठी जागा उपलब्ध करून दिली आहे. ती जागा एकदा तयार नोट्स आणि बहुपर्यायी प्रश्नांनी भरली गेली, की पुन्हा मोकळी करणे कठीण जाते. वारणेसारख्या परिसरातील महाविद्यालयांना विषयांची उणीव नाही. चार शिक्षक, साठ विद्यार्थी आणि चार चांगले प्रश्न एवढ्या भांडवलावर एका सत्रापुरता प्रारंभ करता येईल आणि त्या सत्राच्या अनुभवाची प्रामाणिक नोंद ठेवली, तर पुढचे पाऊल कोणते असावे हे ती नोंदच सांगू शकेल.